हॉल तोच, बँड तोच, गल्ला रिकामा : बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूमचं प्रकरण

१९५७ सालाच्या अखेरीस स्टॅन केंटन या जॅझ बँडलीडरने कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच गावचं एक जुनं नाचघर चालवायला घेतलं. राँदेव्हू बॉलरूम. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली, जवळजवळ एक गल्लीभर लांबीची लाकडी इमारत. केंटनला तिथला कानाकोपरा माहीत होता. १९३४ च्या सुमारास एव्हरेट होगलंडच्या बँडमध्ये तो इथेच पियानो वाजवायचा, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात त्याचा स्वतःचा बँड इथल्याच एका मोसमात नावारूपाला आला होता. सोळा वर्षांनी तो परतला तेव्हा नाव देशभर झालेलं, हाताशी कसलेले वादक, पाठीशी कॅपिटॉल रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी. तरीही १९५८ च्या पहिल्या काही महिन्यांतच सगळं गुंडाळावं लागलं. व्यवहार सपशेल आतबट्ट्याचा ठरला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१ च्या उन्हाळ्यात, डिक डेल नावाचा चोवीस वर्षांचा गिटारवाला त्याच हॉलमध्ये उभा राहिला. बघता बघता तिथे पाय ठेवायला जागा उरेना.

‘रॉक अँड रोल आलं आणि बिग बँड (पंधरा-वीस वादकांचे जॅझचे ताफे) संपले’ हे याचं तयार उत्तर आहे. ते खोटं नाही, पण त्याने कोडं सुटत नाही. संगीत जुनं झालं म्हणून हॉल रिकामा पडला असं म्हणावं, तर १९४१ साली तो भरला तो केंटनच्या संगीतामुळेच, हे गृहीत धरावं लागतं. मला ते पटत नाही. राँदेव्हूचा जमाखर्च शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या, गावात पोचायचा रस्ता आणि वादकांचं पगारपत्रक या तीन गोष्टींवर उभा होता. संगीत चौथं.

गाव आणि हंगाम

बाल्बोआ हा न्यूपोर्ट बीचचा वाळूचा लांबट पट्टा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक महासागर, मध्ये चालत काही मिनिटांत ओलांडता येईल एवढीच जमीन. इथे माणसं यायला लागली ती रेल्वेमुळे. लॉस एंजेलिसहून पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या तांबड्या विजेच्या गाड्या, ज्यांना सगळे ‘रेड कार’ म्हणत, १९०६ च्या जुलैत बाल्बोआपर्यंत पोचल्या. त्याच मुहूर्तावर खाडीकाठी बाल्बोआ पॅव्हिलियन बांधून तयार झालं. प्लॉट विकणाऱ्यांना गिऱ्हाईक हवं होतं, गाडीला उतारू हवे होते आणि उतारूंना उतरल्यावर करायला काहीतरी हवं होतं. किनाऱ्यावरची करमणूक या तिघांच्या सोयीतून उभी राहिली.

राँदेव्हू आलं १९२८ साली. आत भलामोठा लाकडी डान्स फ्लोअर, वर सभोवार बाल्कनी, आणि लांबच्या लांब सोडा काउंटर. दारूबंदी १९३३ पर्यंत होती, आणि इथलं गिऱ्हाईक तसंही बहुतांशी हायस्कूल-कॉलेजातलं. दीड हजार जोडपी एका वेळी नाचू शकतात अशी जाहिरात असायची. हा आकडा गावाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहायला हवा. १९४० च्या जनगणनेत अख्ख्या न्यूपोर्ट बीचची लोकसंख्या साडेचार हजारसुद्धा नव्हती. म्हणजे हॉल गावासाठी नव्हताच. गाव होतं जत्रेच्या गावासारखं : ईस्टरच्या सुट्टीत आठवडाभर विद्यार्थ्यांची झुंबड, मग मे अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उन्हाळा, आणि उरलेलं वर्ष धुकं, कोळी आणि बंद खिडक्या. ईस्टरच्या त्या आठवड्याला पोरांनी ‘बाल वीक’ असं नावच पाडलं होतं.

१९३५ च्या जानेवारीत हॉल जळाला. मालकांनी तो काही महिन्यांतच पुन्हा उभा केला. आग जानेवारीत लागली हे नशीबच म्हणायचं. जूनमध्ये लागली असती तर वर्षाची कमाई राखेत गेली असती.

फ्लोअरवर काय चालायचं

या पट्ट्याने एका नाचाला स्वतःचं नाव दिलं : बाल्बोआ. तो नीट पाहिला की हॉलचं अर्थकारण डोळ्यांसमोर उभं राहतं. चार्ल्सटन नाचात लाथा झाडायला जागा लागते, लिंडी हॉप नाचात जोडीदाराला दूर भिरकावून परत ओढायला लागते. गर्दीच्या फ्लोअरवर दोन्ही अशक्य, आणि शेजारच्याच्या नडगीवर बूट बसला की भांडण. म्हणून इथली पोरं छातीला छाती लावून, धड जवळजवळ स्थिर ठेवून, सगळी हालचाल गुडघ्याखाली आणायला शिकली. पावलं इतकी छोटी आणि जमिनीलगत की खांद्यावरून पाहणाऱ्याला जोडी नुसती सरकतेय असं वाटावं. नजर खाली नेली तर पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे चाललेले. लय जेवढी वेगवान तेवढी पावलं बारीक. मॅक्सी डॉर्फ, विली डेसाटॉफ, हॅल टाकियर या मंडळींनी हा नाच पुढच्या पिढ्यांना शिकवला, म्हणून तो आज जगभरच्या स्विंग नाचाच्या वर्गांत जिवंत आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हा नाच शिकावा लागायचा. जोडीदार लागायचा, सराव लागायचा, आणि आठवड्यातून अनेकदा नाचणारी पोरं लागायची. दुसरी, नाचणाऱ्याला बँडकडून हवी असायची ती नियमित, भरवशाची लय. बँडलीडरचं नाव मोठं असलं तर उत्तमच; नसलं तरी चालायचं. १९३६-३७ मध्ये इथे स्टॉकटनहून आलेल्या एका तरुणाचा बँड मुक्कामाला होता. त्याचं नाव गिल एव्हन्स. तेव्हा त्याला बाहेर कोण ओळखत होतं? पुढे १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकासाठी वाद्यरचना करून तो जॅझच्या इतिहासात जाऊन बसला. बाल्बोआच्या पोरांसाठी मात्र तो उन्हाळ्यातला बँडवाला होता, एवढंच.

आठवणींच्या लेखांत या हॉलचं चित्र फार गोड रंगवलेलं असतं. त्या गर्दीत कोण नव्हतं हेही पाहायला हवं. त्या काळी दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा कृष्णवर्णीयांना जवळपास बंद होता. याच किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला हंटिंग्टन बीचला, कृष्णवर्णीय लोकांनी स्वतःसाठी पॅसिफिक बीच क्लब बांधायला घेतला होता. त्यातही नाचघर होतं. १९२६ च्या फेब्रुवारीत, लिंकनच्या जयंतीला, उद्घाटन व्हायचं होतं. जानेवारीतच तो जाळला गेला. राँदेव्हू जळालं तेव्हा काही महिन्यांत पुन्हा उभं राहिलं. तो क्लब पुन्हा उभा राहिला नाही. ज्या संगीतावर बाल्बोआची पोरं नाचत होती ते मुळात कोणाचं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या दोन आगींमधलं अंतर कळतं.

१९४१ चा उन्हाळा

केंटनने बँड जमवला १९४० च्या शेवटी आणि १९४१ च्या सुरुवातीला. वादक बहुतेक विशीतले, आसपासच्या गावांतले. बेसवर हॉवर्ड रम्सी, ट्रम्पेटवर लाँग बीचचा चिको अल्व्हारेझ, सॅक्सोफोनवर आणि गायला रेड डॉरिस. ३० मे १९४१ ला, अमेरिकेत उन्हाळा सुरू झाल्याचं मानतात त्या मेमोरियल डेला, बँड राँदेव्हूत मोसमभरासाठी दाखल झाला.

केंटन सहा फूट चार इंच उंच. लांब हात हवेत फेकत बँडला चेतवायचा. सॅक्सोफोन तुटक, ठसकेबाज सुरांत वाजायचे, ब्रास सेक्शन, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले, कानठळ्या बसवायचा. पोरं वेडी झाली. नाचता नाचता थांबून स्टेजसमोर गर्दी करायची. भरीला म्युच्युअल रेडिओ नेटवर्कवरून हॉलमधलं थेट प्रक्षेपण व्हायचं. बाल्बोआतली रात्र पार दूरच्या गावांत ऐकू जायची आणि ऐकणारा म्हणायचा, सुट्टीत तिकडे जायला हवं. जाहिरातीवर हॉलला आणि बँडला दमडी खर्चावी लागत नव्हती. नोव्हेंबरात केंटन हॉलिवूडच्या पॅलेडियम या मोठ्या नाचघरात वाजवत होता. सहा महिन्यांच्या आत एवढी मजल.

कहाणी इथेच थांबवली तर ‘संगीताने हॉल भरला’ हे खरं वाटेल. पण १९४२ च्या सुरुवातीला हाच बँड न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये गेला आणि सपशेल आपटला. तिथे नियमाने नाचायला येणारी मोठी माणसं होती. यावर नाचायचं कसं, अशी त्यांची तक्रार. मुक्काम अर्ध्यावर संपवावा लागला. अवघ्या काही महिन्यांचा फरक, वाजवणं तेच. बाल्बोआत ज्यावर पोरं उसळत होती त्याच्याच नावाने रोझलँडमध्ये कपाळाला आठ्या. बाल्बोआत केंटनला मिळालं होतं ते सुट्टीतलं, समवयस्क, आधीच जमलेलं गिऱ्हाईक. त्याने ते पेटवलं हे श्रेय त्याचंच. जमवलं मात्र त्याने नव्हतं, आणि १९५७ साली नेमका हाच फरक त्याच्या ध्यानात राहिला नसावा असं मला वाटतं.

मधली सोळा वर्षं

युद्धाची वर्षं हॉलला वाईट गेली नाहीत. पेट्रोलला रेशन होतं, पण शेजारी कोस्टा मेसाला लष्करी हवाई दलाचा मोठा तळ झाला होता आणि शनिवारी संध्याकाळी गणवेशातल्या पोरांची कमी नव्हती. बँडचे दिवस मात्र फिरू लागले होते. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. तो पूर्ण मिटायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. गायकांवर तो बहिष्कार नव्हता. दरम्यानच्या काळात लोकांना बँडपेक्षा गायकाची सवय लागली. १९४६ च्या डिसेंबरात बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वुडी हर्मन अशा एकापेक्षा एक मातबरांनी बँड मोडले. काहींनी नंतर पुन्हा जमवले, पण पूर्वीची मिजास गेली.

केंटन तगला तो नाचघरांकडे पाठ फिरवून. ‘प्रोग्रेसिव्ह जॅझ’ म्हणत तो कार्नेगी हॉल या न्यूयॉर्कच्या मैफिलींच्या सभागृहात गेला, १९४८ साली हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंदिरात वाजवला, १९५० साली तर व्हायोलिनांसकट चाळीसएक वादकांचा ताफा घेऊन फिरला. त्याचा श्रोता आता खुर्चीत बसून ऐकत होता. लोक नाचायला येतात याचा केंटनला मनापासून कंटाळा होता आणि तो त्याने लपवला नाही. असा माणूस पुढे जाऊन नाचघर चालवायला घेतो, यातच सगळं आलं.

तिकडे रेड कार बंद झाली. १९५० साली न्यूपोर्टची प्रवासी वाहतूक थांबली आणि गाव पुरतं मोटारगाडीवर अवलंबून राहिलं. गाडीवाल्या माणसाला संध्याकाळी कुठेही जाता येतं, हा नाचघराचा तोटा. रेल्वेचा शेवटचा थांबा गिऱ्हाईक आपसूक दारात आणून सोडत असे.

१९५७ चा हिशेब

आता केंटनच्या बाजूने विचार करू. दौऱ्यांचा जीव जाणारा त्रास : रोज वेगळं गाव, बसमध्ये झोप, हॉटेलांची बिलं. एका जागी बस्तान बसवावं, तिथेच वाजवावं, तिथेच रेकॉर्ड करावं, रेडिओवरून पुन्हा हाक द्यावी. बेत वरकरणी शहाणपणाचा. शिवाय जागा लकी.

पण बँड होता अठरा-एकोणीस माणसांचा. पाच ट्रम्पेट, पाच ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि लय सांभाळणारा ऱ्हिदम सेक्शन. दौऱ्यावर असताना यांचा पगार रोज नव्या गावाच्या तिकीटबारीतून निघायचा. एका जागी बसल्यावर तो एकाच तिकीटबारीतून निघायला हवा, आणि त्याच त्याच लोकांनी पुन्हा पुन्हा यायला हवं. तेही कधी? डिसेंबर-जानेवारीत. बाल्बोआचा उन्हाळा पाच महिने दूर, ईस्टर तीन महिने दूर. बाहेर धुकं आणि आत अठरा माणसांचा पगार. याला धाडस म्हणणारे म्हणोत. मला तो कॅलेंडर न पाहता केलेला व्यवहार वाटतो.

गिऱ्हाईकाचं पाहा. १९४१ साली सतरा-अठरा वर्षांची असलेली पोरं आता तेहेतिशी-चौतिशीत होती. घरात दोन-तीन लहान मुलं, हप्त्यावरचं घर, दिवाणखान्यात टीव्ही. केंटनच्या रेकॉर्डी ती आजही घेत होती. पण हिवाळ्यातल्या रात्री मुलांना सांभाळायला कोणीतरी बघून गाडी काढून बाल्बोआ गाठायचं, हे वर्षातून एकदा घडणारं. आणि जी पोरं आत्ता सतरा वर्षांची होती त्यांना केंटन म्हणजे वडिलांच्या कपाटातली रेकॉर्ड.

एक गोष्ट मात्र या पडझडीत अप्रतिम साधली. कॅपिटॉलने राँदेव्हूतच बँडचं ध्वनिमुद्रण केलं. ऑक्टोबर १९५७ आणि जानेवारी १९५८ मधल्या त्या सत्रांतून ‘राँदेव्हू विथ केंटन’ आणि ‘बॅक टू बाल्बोआ’ या दोन लाँग प्ले रेकॉर्डी निघाल्या. त्या आज ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती जागा. ट्रॉम्बोनचा सूर सुटतो, लाकडी छतापर्यंत जातो, क्षणभर तिथे रेंगाळतो आणि पुढच्या सुरावर अलगद येऊन बसतो. असा घुमारा स्टुडिओत सहज मिळत नाही. माणसांनी भरलेल्या हॉलमध्येही मिळत नाही, कारण कपडे आणि अंगं आवाज पिऊन टाकतात. ही सत्रं झाली ती रिकाम्या हॉलमध्ये. केंटनच्या कानाला राँदेव्हू सर्वांत सुंदर वाजत असेल ते रिकामं असतानाच, आणि त्याच्या पाकिटाला ते परवडणारं नव्हतं.

गळ्यात टाय, पायांत काही नाही

डिक डेल १९६१ च्या जुलैत राँदेव्हूत आला तो जवळच्याच एका आइस्क्रीमच्या दुकानात वाजवून. बोस्टनचा जन्म, वडील लेबनीज वंशाचे, आई पोलिश वंशाची. डावखुरा, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायचा. हॉलला परवाना मिळवायचा तर गावातल्या मोठ्यांना धास्ती : ही लाटांवर फिरणारी पोरं, गिटारचा गोंगाट, आणि रात्र. शेवटी अट पडली की मुलांनी टाय लावूनच यायचं. समुद्रावरून थेट येणाऱ्या पोरांकडे टाय कुठला? मग दारातच टाय वाटायला सुरुवात झाली. अनवाणी पाय, अंगात कसलाही शर्ट आणि गळ्यात टाय. पहिल्या रात्री सतराच जण आले होते, असं डेल सांगायचा. त्याच्या गोष्टींना मीठमसाला भरपूर असायचा, तेव्हा सतरा हा आकडा पक्का धरू नये. पण मोसम संपेपर्यंत गर्दी हजारांत गेली होती हे खरं.

ही पोरं आली कुठून? १९५० साली ऑरेंज काउंटीची लोकसंख्या २ लाख १६ हजार होती. १९६० साली ७ लाख ४ हजार. युद्धानंतर संत्र्यांच्या बागा तोडून घरांच्या वसाहती झाल्या आणि त्या घरांतली मुलं नेमकी आता हायस्कूलात पोचली होती. डेलला पुन्हा तेच मिळालं जे १९४१ साली केंटनला मिळालं होतं : उन्हाळा, सुट्टी, समवयस्क पोरांचा जमाव. तो जुलैत आला होता, डिसेंबरात नव्हे.

आणि पगारपत्रक. डेलचा बँड मोजक्या माणसांचा. दहा ब्रासवादक मिळून जो आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचवायचे तो आता एका गिटारने पोचवायचा होता. तो पोचेना, अँप्लिफायर जळायचे, स्पीकर फाटायचे. गिटार बनवणारा लिओ फेंडर याच काउंटीतल्या फुलर्टनचा. डेल फाडलेले स्पीकर घेऊन परत परत त्याच्या दारात. शेवटी फेंडर आणि त्याचा सहकारी फ्रेडी टव्हारेस स्वतः राँदेव्हूत येऊन गर्दीत उभे राहिले आणि अडचण काय ती त्यांना तिथे कळली. माणसांनी भरलेला तो लाकडी हॉल आवाज गिळत होता. त्यातून फेंडरचे शोमन मालिकेतले अँप्लिफायर आले, पंधरा इंची जेबीएल स्पीकरवाले. तोच हॉल; केंटनच्या मायक्रोफोनला त्याने घुमारा दिला, डेलच्या गिटारकडून ताकद मागितली.

नाचही बदलला. बाल्बोआ शिकायला महिने जायचे. ‘सर्फर स्टॉम्प’ या नव्या नाचाला जोडीदारही लागत नव्हता. लयीवर पाय आपटायचे, बस्स. शेकडो अनवाणी टाचा एकदम त्या लाकडावर पडायच्या. १९४१ साली नाच येत नाही म्हणून बाल्कनीत सोडा पीत बसणारा मुलगा १९६१ साली सरळ फ्लोअरवर होता. तिकीट घेणाऱ्यांतले जास्तीत जास्त लोक नाचू शकणं, हे नाचघराच्या दृष्टीने लहानसहान नाही.

डेल पुढे मोठ्या हॉलांकडे गेला. राँदेव्हू काही वर्षं स्थानिक पोरांच्या बँडांवर चालत राहिलं आणि १९६६ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा जळालं, कायमचं.

केंटनच्या बेतात मुळात काही तथ्य होतं का, हे तपासायला एक उदाहरण हाताशी आहे. १९४१ च्या त्याच्या बँडमधला बेसवादक हॉवर्ड रम्सी १९४९ च्या मे महिन्यात याच किनाऱ्यावर उत्तरेला हर्मोसा बीचच्या लाइटहाउस नावाच्या बारमध्ये गेला आणि रविवारी जॅझ वाजवायची परवानगी मागून आला. वादक पाच-सहा. फ्लोअर नाही, नाच नाही. लोक ग्लास हातात घेऊन बसून ऐकणार. बारमालकाला रविवारच्या रिकाम्या दुपारी गिऱ्हाईक हवंच होतं. रम्सीने तिथे वर्षानुवर्षं, उन्हाळा-हिवाळा न पाहता, उत्तम जॅझ चालवलं. म्हणजे समुद्रकाठी एका जागी बस्तान बसवून जॅझ वाजवता येत होतं. त्यासाठी दीड हजार जोडप्यांचा हॉल नको होता आणि पंधरा ब्रास-सॅक्सोफोनवाले नको होते. केंटनला या दोन्हींशिवाय बँड ही कल्पनाच सहन होणारी नव्हती.

१९६६ च्या आगीनंतर राँदेव्हू पुन्हा बांधायची घाई कोणी केली नाही. समुद्रासमोरची ती जमीन एव्हाना नाचघराच्या कमाईपेक्षा कितीतरी महाग झाली होती. तिथे सदनिका झाल्या, आणि सदनिकांना हंगाम लागत नाही.